चुरीवरच्या सदतीस रेघा

मी बत्तीस वर्षं सरकारी रस्त्यांवर मिस्त्री होतो. त्या काळात लोकांनी मला एकच प्रश्न विचारला, "कधी होणार?" निवृत्त झाल्यावर मी त्याच रस्त्यांवर चुन्याने बाण काढू लागलो, तेव्हा मात्र माणसं गाडी थांबवून माझं नाव, गाव, पेन्शन, मुलांची लग्नं असं सगळं विचारू लागली. रस्ता बांधणाऱ्यापेक्षा बाण काढणारा माणूस महत्त्वाचा असतो, हे मला साठीनंतर कळलं.

हे बाण सायकलवाल्यांसाठी असतात. नागपूरचा एक गट आहे. डॉक्टर, मास्तर, बँकवाले, दुकानदार अशी तीस-चाळीस माणसं थंडीच्या दिवसांत रविवारी तुमसरला येतात आणि आमच्या जंगलातून, पहाडीवरून पन्नास-साठ मैल सायकल चालवून संध्याकाळी घरी जातात. कशासाठी, हे मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. गटाचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "आनंदासाठी." मग मी पुन्हा विचारलं नाही. मला त्यांनी रस्ता आखायचं काम दिलं, कारण या भागातला एकूण एक चढ मी स्वतः मोजलेला आहे आणि त्यातले काही मी केले त्यापेक्षा कमी करता आले असते, हेही मलाच माहीत आहे.

भंडारा जिल्ह्यात डोंगर आहेत असं सांगितलं की घाटावरचे लोक सौजन्याने मान हलवतात. आमचे डोंगर लहान आहेत, हे मान्य. आंबागड, गायमुख, त्यापलीकडे सातपुड्याचे शेपटासारखे उतरत आलेले पाय. पण रस्ता डोंगराच्या उंचीवर अवघड होत नाही, तो चढणीवर अवघड होतो. शंभर मीटर जाताना रस्ता आठ मीटर वर गेला, तर चांगला सायकलवाला बोलणं थांबवतो. दहा मीटर गेला तर तो देवाचं नाव घेतो. बारा गेला तर माझं घेतो.

रस्ता आखणं म्हणजे नकाशावर बोट फिरवणं नाही. पाणी कुठे मिळेल, मोहाखाली बायका फुलं वेचायला कुठे बसतात, गावातलं कोणतं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कोणतं खरंच येतं, धान कुठे डांबरावर वाळत घातलेलं असतं, जंगलखात्याचं फाटक किती वाजता उघडतं, हे सगळं माहीत असावं लागतं. या लोकांच्या सायकलीचं टायर अंगठ्याएवढं रुंद असतं. आपल्या साध्या सायकलला जो खडा कळतही नाही, त्यावरून ही सायकल आडवी होते. म्हणून नियम असा की, निघायच्या आदल्या दिवशी मी पूर्ण रस्त्यावरून माझ्या जुन्या सायकलने जायचं, वळणावळणावर बाण काढायचे, आणि डॉक्टरांना एक कागद द्यायचा: रस्ता तपासला, ठीक. खाली सही. आदल्याच दिवशी, कारण रस्ता एका रात्रीत बदलतो. झाड पडतं, ट्रॅक्टर उलटतो, कोणी लग्नाचा मांडव थेट डांबरावर टाकतो.

बाणाचीही एक गंमत आहे. एका गावाच्या वेशीपाशी मारुतीच्या ओट्याजवळ मी डावीकडचा बाण काढला. तिसऱ्या आठवड्यात गेलो तर त्यावर हळदकुंकू आणि दोन झेंडूची फुलं. कोणी वाहिली विचारलं तर सगळे म्हणाले, आधीपासून आहे. पुढच्या खेपेला मला तिथून उजवीकडे वळायचं होतं. पण पूजेतला बाण कसा पुसणार? मी चुन्याची पिशवी हातात घेऊन दहा मिनिटं उभा राहिलो, आणि शेवटी मार्गच बदलला. आता तिथे लहानसा कठडा बांधला आहे.

असं आमचं काम. आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो, त्याकडे येतो.

गटात नलिनी मॅडम म्हणून एक बाई आहेत. नागपूरच्या शाळेत गणित शिकवतात, वय पन्नाशीच्या पुढे. सायकल हळू चालवतात आणि नेहमी शेवटच्या असतात. पहिल्याच खेपेला मी त्यांना म्हटलं, "मॅडम, घाई नाही, सावकाश या." त्या म्हणाल्या, "मिस्त्री, मी सावकाश येत नाही. हा माझा पूर्ण वेग आहे." तेव्हापासून मला त्या आवडतात.

सगळ्यात मागे एक गाडी असते. कोणी थकलं, सायकल मोडली तर उचलून घ्यायची, म्हणून तिला झाडूगाडी म्हणतात. ती आमच्या गावचा ईश्वर चालवतो. शेवटच्या सायकलीच्या पुढे जायचं नाही, हे तिचं एकच काम.

तो थंडीतला रविवार होता. अडतीस जण आले होते. मार्ग तुमसरहून जंगलात, मग पहाडी चढून पलीकडे तलावाकडे उतरायचं, आणि वळसा घालून परत. उतारावर सात वळणं आहेत. खाली तलावाच्या पाळीशी मासे धरणाऱ्या ढिवरांची वीस-बावीस घरं आहेत, ढिवरटोली. शनिवारी मी तपासणीला जायला हवं होतं. शनिवारी माझ्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं पवनीला. मी गुरुवारीच रस्ता बघून आलो, बाण काढले, आणि कागदावर सही केली. रस्ता तपासला, ठीक. तारीख मात्र शनिवारची टाकली. त्या वेळी हात अडखळला नाही, हे मी इथे लिहून ठेवतो.

रविवारी साडेअकरापर्यंत सगळे परत आले. तुमसरला एका राइस मिलच्या आवारात पोहे आणि चहा होता. लोक एकमेकांना किती चढलो ते सांगत होते. बारा वाजता ईश्वरची गाडी आली, त्यात पोटरीत गोळा आलेला एक बँकवाला. मी यादी घेऊन मोजलं. सदतीस. पुन्हा मोजलं. सदतीसच.

"ईश्वर, मॅडम कुठी आहेत?" मी विचारलं.

"समोर नाही आल्या का?" तो म्हणाला. "हे सायेब चढावावर बसून गेले होते. यायले गाडीत घेईपर्यंत मॅडम वरून उतरून गेल्या. मी मागून आलो तं रस्त्यावर कोनीच नाही. मले वाटलं, उतार आहे, गेल्या असन भरकन."

"मॅडम कधी भरकन गेल्या आहेत का?"

ईश्वरने चहाचा कप खाली ठेवला.

डॉक्टरांनी फोन लावला. लागला नाही, पहाडीपलीकडे कुणाचाच लागत नाही. कोणी म्हणालं, थकून बसने गेल्या असतील. कोणी म्हणालं, बाण चुकल्या असतील. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, रस्ता काल ठीक होता ना?"

मी म्हणालो, "ईश्वर, गाडी काढ."

त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. पण सगळे घाईत होते, कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

आम्ही पहाडीकडून चढून उताराला लागलो तेव्हा एक वाजून गेला होता. वरून खाली मी गाडीत बसलो नाही. पुढे चालत निघालो आणि ईश्वरला मागे हळूहळू यायला सांगितलं. पहिली चार वळणं स्वच्छ होती. पाचव्यावर चुरी सांडलेली होती. चुरी म्हणजे गिट्टीतली सगळ्यात बारीक, ज्वारीच्या दाण्यासारखी. कुठल्या तरी ट्रॉलीचा मागचा फळा ढिला असणार. वळणाच्या ऐन पोटात, पाचसहा पावलं रुंद. गुरुवारी ती नव्हती. शनिवारी दुपारी आलो असतो तर मी ती पाहिली असती, कारण ट्रॉलीच्या चाकांच्या खुणांवर सकाळचं दव पडून गेलेलं दिसत होतं.

मी वाकलो. बत्तीस वर्षं मी चुरीकडे बघतच काढली आहेत. अंगठ्याएवढ्या रेघा होत्या, पुष्कळ. सगळ्या डावीकडे आतून वळून गेलेल्या. त्याचं कारण असं की, हे लोक पुढे काही दिसलं की मागच्याला ओरडून सांगतात. पहिला "गिट्टी!" म्हणून ओरडला असणार, त्याच्या मागच्याने आपल्या मागच्याला ओरडून सांगितलं असणार, असे छत्तीस जण सावध होऊन गेले. शेवटच्या माणसाला ओरडून सांगायला मात्र पुढे कोणी उरलेलं नसतं.

एक रेघ सरळ गेली होती. अर्ध्यात ती रुंद झाली. ब्रेक दाबला की चाक घासतं आणि रेघ रुंद होते. मग ती कडेला जाऊन संपली. तिथे कठडा नव्हता. तो कठडा मंजूर होता, माझ्याच नोकरीत, पण ती वेगळी गोष्ट आहे.

मी कडेला उभा राहून हाक मारली, "मॅडम!"

खालून बांबूच्या बेटातून एका बाईचा आवाज आला. मॅडमचा नव्हता.

"आता आले का जी तुमी? जेवून गिवून आले का?"

मी बसत, घसरत उतरलो. तीसेक हात खाली मोहाच्या झाडाला टेकून मॅडम अर्धवट आडव्या होत्या. शिरस्त्राण फुटून बाजूला पडलेलं. डोळे उघडे होते. त्यांच्या डोक्यामागे एक काटक म्हातारी बाई बसली होती आणि लुगड्याचा पदर घडी करून तिने मॅडमच्या कानामागे दाबून धरला होता. पदर लाल झाला होता. शेजारी मासोळीची टोपली कलंडलेली.

"हात काढू नका," मॅडम मला म्हणाल्या, जणू मीच तो दाबून धरला होता. "यांनी काढला की वाहतं. आम्ही दोनदा करून बघितलं."

त्या बाईचं नाव कौसल्याबाई. ढिवरटोलीची. पाऊलवाटेने बाजाराच्या गावी मासोळी घेऊन चालली होती, तर वरून धडाम आवाज आला. तिला वाटलं रानडुक्कर. तिने दगड उचलला आणि बघायला आली.

"दगड मारनार होती मी," ती मला सांगू लागली, हात न हलवता. "पाहतो तं बाई. डोक्सातून रगत. मंग दाबून बसली. सोडून जाऊ कशी? बोंबलली बोंबलली, वरून दोन फटफट्या गेल्या, एक गाडी गेली. कोनाले आयकू येते? मासोळी घारीनं नेली माह्या डोयासमोर. रस्ता तुमचा व्हय का?"

"हो," मी म्हटलं. "माझाच."

"मंग काहून असा ठेवला?"

मला बत्तीस वर्षांत अनेक साहेबांनी झापलं आहे. लेखी सुद्धा. कोणाचंच इतकं बरोबर नव्हतं.

वरून गेलेली ती एक गाडी ईश्वरची होती, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की तो वाचेल.

ईश्वर टोलीकडे पळाला आणि चार माणसं घेऊन आला. त्यांनी बाज आणली होती, पण त्या उतारावर बाज धरता येईना. पुढचा वर जाई आणि मागचा खाली राही. मग त्यांच्यातला एक जण म्हणाला, "जाळं आना." जाड सुताचं मोठं जाळं चारपदरी करून दोन बांबूंना बांधलं आणि त्यात मॅडमना ठेवलं. खांद्याचं हाड मोडलेलं होतं. उचलताना त्यांनी पहिल्यांदा आवाज केला, तो मला अजून ऐकू येतो. कौसल्याबाई पदर दाबून बाजूने चढत होती, वाकून, खेकड्यासारखी, आणि सबंध वेळ बोलत होती.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "मॅडम, शुद्धीत आहात ना?"

"आहे," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "पावणेतीन तास यांनी मला त्यांच्या सुनेबद्दल सांगितलं. मध्ये मी बेशुद्ध पडायचा प्रयत्न केला. त्यांनी पडू दिलं नाही. थापडा मारून उठवलं आणि पुढचं सांगितलं."

"झोपली असती तं मेली असती," कौसल्याबाई म्हणाली.

तुमसरला टाके पडले, मग नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही म्हणे तेच सांगितलं, जे कौसल्याबाईने सांगितलं होतं, फक्त इंग्रजीत. खांद्याच्या हाडाचे तीन तुकडे झाले होते. पट्टी आणि स्क्रू घालावे लागले.

सगळे ट्रॉलीवाल्याला शिव्या देत होते. डॉक्टर मला म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही शोधलंत म्हणून वाचल्या." दोघा-तिघांनी माझा हात हातात घेतला. हा सत्कार मी चार दिवस सहन केला. पाचव्या दिवशी एसटीने नागपूरला गेलो.

मॅडम खाटेवर बसल्या होत्या, डाव्या हाताने वह्या तपासत. उजवा गळ्यात. मी स्टुलावर बसलो आणि सांगून टाकलं. शनिवार, साक्षगंध, गुरुवार, सही, तारीख.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मुलं ताळा न करताच उत्तर लिहितात. वर 'ताळा केला' असंही लिहितात. मी अर्धा गुण कापते."

"अर्धाच?"

"उत्तर बरोबर आलं तर."

"आणि चुकलं तर?"

"तर सगळे कापते, मिस्त्री."

मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मला सांगितलंत, ठीक आहे. पण तो कागद काही मला दिला नव्हता. ज्यांना दिला त्यांना सांगा."

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. आदल्या आठवड्यात ज्याने माझा हात हातात घेतला होता, तो म्हणाला, "आम्ही तुमच्या भरवशावर डोळे मिटून उतरतो." यावर डॉक्टर काहीतरी मवाळ बोलायला लागले, पण मीच म्हटलं की, तो म्हणतो ते बरोबर आहे, आणि यापुढे मार्ग दुसऱ्या कोणी आखावा.

दुसरं कोणी म्हणजे फोन. पुढची फेरी त्यांनी पवनीकडे, गोसीखुर्दच्या बाजूला काढली, फोनवरच्या नकाशाने. नकाशात रस्ता होता. तो नीट डांबरी होता, जंगलातून टेकडीवर चढला, सुंदर उतरला आणि धरणाच्या पाण्यात शिरला. सगळे काठावर उभे राहिले. फोन म्हणत होता, सरळ जा. तिथे एक म्हातारा मासे धरत बसला होता. त्याला विचारलं, "बाबा, हा रस्ता कुठे जातो?"

"आमच्या गावाले," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "जा ना. आमी तं निघून आलो."

हे मला डॉक्टरांनी स्वतः घरी येऊन सांगितलं. ते हसत होते, पण त्या म्हाताऱ्यापाशी आल्यावर हसायचे थांबले. मग म्हणाले, "मिस्त्री, पुन्हा या." मी दोन दिवस मागितले. माझी बायको म्हणाली, "जा. घरी बसून माझ्या बागेत बाण काढू नका." मी गेलो. आता माझ्या घरची साक्षगंधं शनिवारी होत नाहीत. झाली तर मी नसतो. एका भाच्याने अजून अबोला धरला आहे.

मॅडमचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्या फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहितात. मागच्या बाकावरच्या मुलांना दिसत नाही म्हणून त्यांनी ती मुलं पुढे आणली, आणि ती चांगली पास झाली, असं त्या हसत सांगतात. मी त्यावर हसू शकत नाही, आणि त्यांनाही ते अपेक्षित नसावं.

मागच्या थंडीत त्या परत आल्या. मार्ग तोच, पहाडीचा. तो त्यांनीच मागितला होता. मी शनिवारी गेलो, रविवारी पहाटे उजाडल्यावर पुन्हा गेलो, आणि पाचव्या वळणावर खराट्याने रस्ता झाडून तिथेच थांबलो. एकेक जण गेला. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. शेवटी मॅडम आल्या. वळणाच्या आधी त्यांनी सायकल थांबवली, उतरल्या आणि सायकल हाताने धरून चालत वळण पार केलं. अगदी कडेने नाही, मधोमध.

"रस्ता स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तरी मी चालतच जाणार."

"जा ना, मॅडम."

मीही माझी सायकल धरून त्यांच्या मागे निघालो. पाऊलवाट जिथे रस्त्याला मिळते तिथे कौसल्याबाई टोपली घेऊन उभी होती. तिला कोणी सांगितलं मला माहीत नाही. तिने आधी मॅडमच्या कानामागचे केस बाजूला करून टाक्याचा वण बघितला, बोटाने दाबून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. मग टोपली खाली ठेवली.

"सून गेली माहेरी," ती म्हणाली.

"काय सांगता!" मॅडम म्हणाल्या आणि सायकल माझ्याकडे दिली.

त्या दोघी मैलाच्या दगडावर बसल्या. मी एका हातात मॅडमची सायकल, दुसऱ्या हातात माझी धरून उन्हात उभा राहिलो. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. मागून ईश्वरची गाडी आली आणि थांबली. पुढे जायला त्याला परवानगी नव्हती. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मिस्त्री, पुढचे सगळे पोचले असन. पोहे थंडे होऊन राहिले. शेवटची सायकल कुठी आहे?"

"माझ्या हातात," मी म्हटलं.

"अन् मॅडम?"

"बसल्या आहेत. दिसून राहिल्या मले."

त्याने गाडीचं इंजिन बंद केलं.